जहाज महेश्वरला पोचलंय

प्रिय माणिक,

“दादा कसे आहेत?” असं या वेळी विचारत नाही. विचारलं की तू “मजेत” या एका शब्दात मला गुंडाळून टाकतेस. गेले काही आठवडे तुझ्या मेल अशाच येताहेत. सगळं ठीक. दादा मजेत. तू जप. संपलं. आधी कसं लिहायचीस! माधवनगरच्या भाजीवालीशी झालेली हुज्जत, शाळेतल्या पोरांनी चित्रकलेच्या तासाला काढलेली तीन पायांची गाय, महाकालच्या गर्दीत अडकलेली ई-रिक्षा आणि तीत बसून एकमेकांवर चिडलेले तुम्ही बाप-लेक. सगळं उज्जैन इथे बर्फापर्यंत येऊन पोचायचं. मला वाटलं, रागावलीस. कशावरून रागावली असशील याची कारणं मी एकेक करून शोधत बसले. समुद्रावर माणसाकडे तेवढा वेळ असतो.

मग परवा शेजारच्या शोभाकाकूंचा आवाज आला. आमच्या जहाजावर नेट म्हणजे वरच्या डेकच्या जिन्यापाशी, रेलिंगला पाठ लावून उभं राहिलं तर, आणि तेही त्याची मर्जी असेल तर. सकाळी दाबलेला मेसेज चहाच्या वेळी उघडला. टोपीच्या आत फोन धरून, वाऱ्याकडे पाठ करून मी तो ऐकला. “अगं केतकी, तुला कोणी सांगणार नाही म्हणून मी सांगते. माणिकच्या हाताला पलस्तर आहे. तुझे दादा घाटावर घसरले, हिने एकटीने सावरलं त्यांना. ते राहिले साबूत, हिचं मनगट गेलं. आणि अहमदाबादवाल्यांना साफ मना करणार म्हणते! मी बोलले, पागल झालीस का? तर मला म्हणते, काकू, तिथे गर्मी फार असते. आता बोल!” मागे त्यांच्या कुकरची शिट्टी झाली, “आले गं बाई” असं त्या कुकरलाच म्हणाल्या आणि मेसेज संपला. मी तो पुन्हा ऐकला. खरं सांगायचं तर आणखी एकदा नुसत्या त्या शिट्टीसाठी ऐकला.

म्हणजे तू रागावली नव्हतीस. डाव्या हाताने टाइप करत होतीस.

आणि मनू, खोटं बोलायचं तर जरा बरं तरी बोलावं. उज्जैनच्या मे महिन्यात, भर दुपारी भैरवगढला जाऊन कापड-छपाईवाल्यांच्या मेणाच्या कढईपाशी बसणारी तू. तुला अहमदाबादची गर्मी सोसणार नाही? काकूंनी सोडून दिलं असेल, मी नाही सोडणार. त्या कापडाच्या संग्रहालयाचं बोलावणं आलं तेव्हा तू ते मला फोनवर वाचून दाखवलं होतंस. दोन वर्षं तिथे राहून भैरवगढच्या जुन्या ठशांचं काम करायचं, मुलांना शिकवायचं, त्यांच्याकडे पडून असलेली मध्य भारतातली कापडं ओळखून लावायची. वाचता वाचता तुझा आवाज शाळकरी पोरीसारखा झाला होता. मध्येच थांबून तू म्हणालीस, “ताई, त्यांनी मला ‘तज्ज्ञ’ लिहिलंय गं,” आणि हसलीस. वर्षानुवर्षं रविवार घालवलेस तू त्या छपाईवाल्यांच्या अंगणांमध्ये. या महिनाअखेर त्यांना होय-नाही कळवायचंय, आणि तू नाही कळवणार आहेस, कारण दादांना कोण बघणार. हे तू मला सांगितलं नाहीस. मी विचारलंही नाही. गेले तीन महिने आपण दोघी बहिणी फोनवर फक्त हवेबद्दल बोलतोय.

हे माफीचं पत्र नाही आणि उपदेशाचं तर नाहीच. फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून लिहितेय. सॅटेलाइट फोनवर माझा शब्द तुझ्यापर्यंत पोचायला क्षणभर लागतो आणि तेवढ्या क्षणात तू “अगं ते जाऊ दे” म्हणून दुसरंच सुरू करतेस. मेलमधून फोटो जात नाहीत, पण शब्द कितीही जातात. तेव्हा बस आणि वाच. दादा झोपले असतील तेव्हा वाच.

आम्ही आता अगदी खाली, दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फाच्या कडेला आहोत. रात्र अशी होतच नाही, उजेड तेवढा राखाडी होतो आणि परत पांढरा होतो. जिथे जहाज थांबवून पाणी काढतो त्या जागेला आम्ही स्टेशन म्हणतो. स्टेशन म्हणायचं, पण ना चहावाला, ना हमाल, ना कोणी घ्यायला आलेलं. चहूकडे पाणी. मोठ्या लोखंडी चौकटीत गोल लावलेल्या बाटल्या आम्ही तारेने खोल सोडतो. प्रत्येक बाटली आपापल्या खोलीवर बंद होते आणि तिथलं पाणी घेऊन वर येते. मग ते पाणी लॅबमध्ये, दिवे मंद करून, एका पांढऱ्या गोल कागदातून गाळायचं. पाणी निघून जातं आणि त्याच्यातले प्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणारे ते एकेकटे डोळ्यांना न दिसणारे हिरवे जीव, कागदावर राहतात. किती राहिले त्यावरून समुद्र किती पिकला ते कळतं. शेताचं पीक काढतात तसं. हे सगळं तुला पाठ आहे. पण आज मला ते पुन्हा लिहावंसं वाटतंय, तर लिहू दे.

काम चालू असतं तोवर बरं असतं. पाणी शून्याच्या जवळचं, हातमोज्यातून बोटं बधिर होतात, कोणीतरी वरून ओरडत असतं, एखादी बाटली नीट बंद झालेली नसते, तिच्यावरून वाद होतो. काम संपलं की सगळे जेवायला जातात. मी नेहमी खिडकीजवळच्या टेबलाशी बसते. पहिल्या मोहिमेत आमच्या टेबलावर जागा मिळायची नाही. त्या वेळचे बहुतेक आता निवृत्त झाले, दोघे गेले. आताची मुलं फार चांगली आहेत. ताट घेऊन येतात, “मॅडम, इथे बसू?” असं विचारतात. मी “बसा ना” म्हणते. मग ती अदबीने जेवतात, हळू बोलतात आणि लवकर उठतात. दुसऱ्या टेबलाशी गेली की त्यांचं हसणं ऐकू येतं. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. गोव्यातल्या संस्थेच्या क्वार्टरमध्ये तरी वेगळं काय आहे? लग्न मोडलं त्याला जमाना झाला. शेजारी दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. मी मोहिमेवरून परत येते तेव्हा फ्रिजचं दार उघडं आणि वायर काढलेली असते, जशी मीच ठेवून गेलेली असते तशी.

आपल्या घरात हिरवा रंग हा शत्रू होता, आठवतं? दादा गऊघाटच्या फिल्टर प्लँटवर पाणी तपासायचे. उन्हाळ्यात क्षिप्रेचं पाणी शेवाळाने हिरवं पडलं की त्यांचं जेवण जायचं. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन ते खिडकीपाशी धरायचे आणि आपल्याला विचारायचे, “बोला, दिसतंय का हिरवं?” तुला दिसायचं. मला कधीच दिसायचं नाही. तुझे डोळे रंगाचे, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. मग तुरटी, मग ब्लीचिंग, मग रात्रपाळी. आणि मोठ्या मुलीने पुढे जाऊन त्याच हिरव्याचा अभ्यास केला! मी पहिल्यांदा जहाजावर निघाले तेव्हा उज्जैनच्या रेल्वे स्टेशनवर आलेल्या सगळ्यांना ते सांगत होते, “मी जन्मभर जे मारलं, ते ही मोजायला निघालीय. सरकारचा पगार दोघांनाही.” आई गेली त्यानंतर ते असे मोकळे हसल्याचं मला आठवतं ते तेव्हाचंच.

आता त्यांना प्लँट आठवत नाही, आई आहे की गेली तेही नीट आठवत नाही, पण मी जहाजावर आहे हे आठवतं. आणि उज्जैनच्या माणसाला जहाज येणार कुठे, तर नदीवर. म्हणून रोज संध्याकाळी तू शाळेतून येतेस, पाणीसुद्धा न पिता त्यांच्या कोटाची बटणं लावतेस, ऑटो करतेस आणि दोघं रामघाटावर जाऊन बसता, केतकीचं जहाज येईल म्हणून. हे तू मला पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी हसले होते. तूही हसली होतीस. त्यांचं शास्त्र किती पक्कं होतं त्यावर आपण हसलो. नर्मदा समुद्राला मिळते की नाही? मिळते. नर्मदेचं पाणी पाइपाने क्षिप्रेत आणलंय की नाही? आणलंय. मग समुद्रातून निघालेलं जहाज भडोच, महेश्वर करत वर चढत चढत उज्जैनला का येणार नाही? जन्मभर पाण्याच्या वाटा शिकलेला माणूस. वाट बरोबर काढली होती त्यांनी, फक्त जहाज केवढं असतं ते विसरले होते.

पण फोनवर ऐकणं वेगळं आणि तिथे बसणं वेगळं. दिवाळीत मी आले तेव्हा तू तापाने पडलेली होतीस म्हणून एक दिवस मी त्यांना घेऊन गेले. त्या संध्याकाळचं मी तुला अर्धंच सांगितलं. उरलेलं आज सांगते.

सिंहस्थाची कामं चालू असल्यामुळे नेहमीच्या पायऱ्यांकडे पत्रे लावलेले होते, तेव्हा आम्ही जरा पलीकडे बसलो. तो नाववाला कैलाश तुमची वाटच बघत असावा. लांबूनच ओरडला, “बाबूजी, राम राम! खबर आ गई है। जहाज महेश्वर पहुँच गया!” दादा एकदम ताठ बसले. “कब?” “आज सुबह। अब पाइप में से निकलने में टाइम तो लगेगा ना बाबूजी।” त्यावर दादांनी त्याला जे झापलं! “पाइप में से जहाज कैसे निकलेगा? अक्कल है के नहीं? पाइप का डायमीटर मालूम है तेरे को?” कैलाशने कान पकडले. आजूबाजूचे हसले. मला वाटलं, आता कळलं त्यांना, आता ते माझ्याकडे वळतील. पण नाही. पाइप आणि जहाज, दोन्ही एकाच वेळी त्यांच्या समोर होतं आणि त्यांचा काही मेळ लागत नव्हता. मग त्यांनी दोन्ही सोडून दिलं आणि शांतपणे पाण्याकडे बघत बसले.

थोड्या वेळाने मला म्हणाले, “तुम्ही कोणाला घ्यायला आलात?” मी म्हटलं, “असंच बसलेय.” तर म्हणाले, “माझी मोठी मुलगी येतेय. फार हुशार आहे हो. धाकटी माझ्यापाशी असते. तीही हुशार आहे, पण तिला ते कोणी सांगितलेलं नाही.” हे तुझ्यासाठी जसंच्या तसं लिहिलंय. आरतीची तयारी सुरू झाली होती, लोक जागा धरत होते. एकदम माझ्याकडे झुकून, गुपित सांगावं तसं विचारलं, “तुम्हाला माहीत आहे का, जहाजावर रात्री दिवा चालू ठेवतात का? ती लहानपणी अंधाराला फार भ्यायची. कोणाला सांगायची नाही. मी बाहेरचा दिवा ठेवायचो.”

माणिक, मला आयुष्यभर वाटत आलं की तो दिवा विसरून चालू राहायचा.

मी त्यांना सांगितलं की त्या समुद्रावर उन्हाळ्यात रात्रच होत नाही, सारखा उजेड असतो. “नक्की?” म्हणाले. मी म्हटलं, नक्की. “मग ठीक,” म्हणाले आणि माझ्या हातावर दोनदा थोपटलं. त्या थोपटण्याने माझा तोल गेला. तू बजावून ठेवलं होतंस, काही झालं तरी सांगायचं नाही, आणि मी सांगितलं. म्हटलं, “दादा, मीच केतकी. आले मी.” त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मनापासून प्रयत्न केला त्यांनी. मग सरकून बसले, कोटाचा खिसा घट्ट धरला आणि कैलाशला हाक मारली, “ए भाई, इन बाईजी की तबीयत ठीक नहीं है। मेरी माणिक को बुला।” पुढचं तुला माहीत आहे. कैलाशने तुला फोन केला, तू तापात स्कूटरवर आलीस, आणि तुला पाहून ते लहान मुलासारखे उठून उभे राहिले.

मी तेव्हा तुला एवढंच म्हणाले होते की, त्यांना घरी जायचं होतं म्हणून बोलावलं. तू माझ्याकडे नुसतं बघितलंस. घरी आल्यावर पिठलं टाकलंस. सरसरीत, मला आवडतं तसं.

बरं, आता इथली बातमी. तू रंगांची आहेस म्हणून हे तुला सांगायलाच हवं. इथला समुद्र निळा आहे असं म्हणून भागत नाही. भैरवगढला ते जुने लोक निळीचा हौद झाकून ठेवायचे, त्याचं झाकण काढल्यावर आत जो रंग दिसायचा, तसा. बघायला सुंदर, पण आमच्या दृष्टीने ती उपासमार आहे. गंमत अशी की या पाण्यात प्लवकांना लागणारं खाणं भरपूर असतं. सगळं असतं आणि तरीही पीक धरत नाही, कारण चिमूटभर लोह नसतं. तुझ्या छपाईवाल्यांच्या अंगणात काळ्या रंगासाठी गुळात सडवलेल्या लोखंडाचं मडकं असतं ना, तेवढ्यानेसुद्धा इथे केवढा तरी पट्टा हिरवा होईल. या वर्षी तर पीक फारच कमी आहे. स्टेशनामागून स्टेशन आम्ही पाणी गाळतोय आणि कागद जवळजवळ पांढरेच निघताहेत. अरविंद, आमचे मोहिमेचे प्रमुख, रोज आकडे बघतात आणि चष्मा पुसतात.

काल सकाळी एका हिमनगाच्या मागे थांबलो. आपल्या नानाखेड्याच्या अख्ख्या बस स्टँडएवढा असेल, कदाचित मोठाच. हिमनग जमिनीवरून घासत येतात, त्यांच्या पोटात दगडमाती असते. वितळताना ती पाण्यात झिरपते आणि तिच्याबरोबर लोह. डेकवरून बघितलं तर त्याच्या मागे पाण्याचा रंग बदललेला होता. फार नाही. तुला लगेच दिसला असता. मला नुसती शंका आली. बाटल्या वर आल्या, मी आणि अमृता पाणी गाळायला बसलो. अमृता माझ्याच केबिनमध्ये आहे, पीएचडी करते, तिची दुसरी मोहीम. पंप चालू होता, आणि कागद हळूहळू हिरवा व्हायला लागला. आधी कडा, मग सगळा. अमृता ओरडलीच. जहाजभर बातमी गेली, स्वयंपाकीसुद्धा हात पुसत बघायला आला. लॅबच्या दारात गर्दी झाली. सगळे माझं अभिनंदन करत होते. मी चिमट्यात तो ओला कागद धरून उभी होते आणि मनात पहिला विचार आला तो हा की, हे कोणाला दाखवू? सगळे समोर उभे असताना.

अमृताला प्रत्येक गोष्टीतून तात्पर्य काढायची खोड आहे. म्हणाली, “मॅडम, आयुष्यातही असंच असतं ना, एखादीच गोष्ट कमी असते.” मी तिला म्हटलं, “आधी नळीतलं पाणी बघ, सांडतंय.” हसली. गोड मुलगी आहे. या वेळी मी तिला सगळं शिकवतेय. जाळं कुठल्या बाजूने सोडलं की तारेत अडकत नाही, बाटली बंद झाली नसेल तर ती पाण्यावरून कशी कळते, लाटा असताना सूक्ष्मदर्शकापाशी कशी मांड ठोकून बसायचं म्हणजे मळमळत नाही. हे कुठल्या पुस्तकात नसतं. परवा तिने विचारलं, “मॅडम, एवढी घाई कशाला? पुढच्या वर्षी आहातच की तुम्ही.” मी तिला दुसऱ्या कामाला लावलं. स्टेशन संपलं की मी हल्ली जरा जास्त वेळ डेकवर थांबते, हेही तिच्या लक्षात आलंय. चहा तिथेच आणून देते. मोठे पांढरे पक्षी असतात जहाजाच्या मागे, पंख न हलवता कितीतरी वेळ येत राहतात. त्यांच्याकडे मी इतकी वर्षं कामाच्या गडबडीत नीट पाहिलंच नव्हतं.

मनू, काल तो हिरवा कागद घडी करून, चंदेरी कागदात गुंडाळून शीतपेटीत ठेवला आणि मी अरविंदांकडे गेले. म्हटलं, मला दोन वर्षांची रजा हवी आहे, घरी जायचंय. ते म्हणाले, “केतकी, दोन वर्षांनी जहाजावर परत येशील ना?” मी म्हटलं, हो. दोघांनाही माहीत होतं की दोन वर्षांनी या वयाला डॉक्टर जहाजावर चढू देतात की नाही याचा काही भरवसा नाही, आणि माझी जागा तोवर अमृताची झालेली असेल, व्हायलाच हवी. त्यांनी जास्त विचारलं नाही. गोव्याला मेल गेली. मार्चच्या मधोमध आम्ही केपटाऊनला लागू आणि रंगपंचमीच्या आसपास मी उज्जैनला असेन. भेटायला येत नाहीये, राहायला येतेय. तू संग्रहालयाला आज होकार कळव. मी येईन तेव्हा तुझी बॅग भरलेली असली पाहिजे. मनगट बरं झालेलं नसलं तरी चालेल, डोळे घेऊन जा.

तू म्हणशील, ताई, तुला जमणार नाही. खरंच आहे. समुद्राच्या तळाशी काय आहे ते मला ठाऊक आहे आणि दादांना आंघोळीला पाणी किती गरम लागतं ते ठाऊक नाही. ते हट्टाला पेटले की तू काय करतेस? सकाळची गोळी दुधाबरोबर की नंतर? रडतात का कधी? रडले की जवळ जायचं, की लांब बसायचं? येण्याआधी हे सगळं मला सांग. तू असंही म्हणशील की, त्यांना तू कोण ते कळणार नाही, उगाच जीवाला लावून घेशील. त्याचाही विचार केलाय. मी मुलगी म्हणून येत नाही. त्यांना सांभाळायला ठेवलेली बाई म्हणून येतेय, असं त्यांना सांग, आणि माझ्यासमोर सांग. एकदाच चूक केली, आता नाही करणार. संध्याकाळी मी त्यांच्या कोटाची बटणं लावीन आणि आम्ही दोघं जाऊन केतकीची वाट बघू. खरं सांगू, ती यावी असं मलाही वाटतं. आणि हे मी तुझ्यासाठी करतेय असं समजून जन्मभर उपकाराचं ओझं वागवू नकोस. इथे सगळे मला मॅडम म्हणतात, गोव्याच्या घरात तर कोणी काहीच म्हणत नाही. तिथे ते आतल्या खोलीतून “अहो बाई, कुठे गेलात?” असं विचारतील. मी स्वयंपाकघरातून “आले” म्हणेन.

तुझीच,
ताई